मंत्रांच्या वहीचं त्रेसष्टावं पान

मित्रांनो, माझे कोपरे झिजलेले आहेत, पाठीवरची कापडी पट्टी सुटत आली आहे आणि पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. आत एकशे अठरा मंत्र आहेत, एका पानावर एक. मी एक जुनी वही आहे, मंत्रांची वही. पण म्हणून लगेच हात जोडू नका, आणि घाबरूही नका. माझ्या मंत्रांनी कुणाची साधी पोटदुखीसुद्धा थांबत नाही. ते खेळातले मंत्र आहेत. चार शहाणीसुरती, नोकरीधंदा करणारी माणसं दर रविवारी दुपारी एका टेबलाभोवती बसून जो खेळ खेळत, त्याचे नियम माझ्या पोटात आहेत.

माझी कहाणी काही गोड नाही, हे आधीच सांगून टाकते. माझा विश्वासघात झाला. परक्याने केला असता तर चार दिवस चडफडले असते आणि गप्प बसले असते. पण ज्याने मला लिहिलं त्यानेच तो केला, म्हणून अजून सलतंय.

खेळ असा असतो. एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून घुरघुर ऐकू येतेय, बोला, काय करता? बाकीचे तिघं गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. ते जमलं की फसलं, हे फासे ठरवतात. आणि कुणी मंत्र म्हटला की मला उघडायचं. मंत्र किती लांब पोचतो, किती वेळ टिकतो, कुणावर चालतो, हे सगळं माझ्याकडे. टेबलावर माझा शब्द शेवटचा असायचा.

माझा जन्म दोघा भावंडांच्या घरी झाला. दादा एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढतो. हात असा की पट्टी न लावता ओढलेली रेघही सरळ येते. त्याची बहीण औषधांच्या दुकानात काम करते. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात, म्हणून मीही धाकटीच म्हणते. दादाने दोन वर्षं सुट्या कागदांवर मंत्र लिहिले आणि धाकटीने ते टाइप केले. टाइप करता करता तिने त्याला भंडावून सोडलं. झोपेचा मंत्र बहिऱ्यावर चालतो का? अदृश्य झालेल्याला शिंक आली तर? दादा कपाळावर हात मारून म्हणायचा, "अगं बाई, मुकाट्याने टाइप कर ना!" आणि दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नाचं उत्तर लिहून आणायचा. तेव्हा फार गुण्यागोविंदाने चाललं होतं दोघांचं.

मला बांधायला दिलं तेव्हा बाइंडरने पानं चाळली आणि तोंड वाकडं केलं. "ताई, समास केवढा सोडलाय! अर्धा कागद फुकट जातोय."

"फुकट नाही हो," धाकटी म्हणाली. "तिथे आमची भांडणं लिहायचीत."

बाइंडर हसला. त्याला वाटलं, पोरगी गंमत करतेय. पण ती अगदी मनापासून बोलत होती. दिवसभर औषधांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचणारी बाई ती. नियम कितीही नीट लिहिला तरी त्याचा अर्थ लावताना दोन माणसं भांडतातच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सूत्रधार नेहमी दादाच. टेबलावर आणखी दोघं असायचे. एक गॅरेजवाला, दादाचा शाळेपासूनचा मित्र. तो गोष्टीत आडदांड योद्धा व्हायचा. कितीही हात धुतले तरी त्याच्या नखांत ग्रीस असायचंच. माझ्या चौदाव्या पानावर त्याचा अंगठा असा उमटलाय की बँकेतही चालेल. दुसऱ्या नर्सबाई, धाकटीच्या मैत्रीण. त्या चोरटी व्हायच्या, कुलूपं उघडायच्या, लोकांचे खिसे कापायच्या. "आठवडाभर लोकांच्या पट्ट्या बांधते, आता रविवारीही तेच करू होय?" असं म्हणून त्या खो खो हसायच्या. मग पट्ट्या बांधायचं काम धाकटीकडे आलं. तिची वैद्यीण नऊ वर्षं एकच होती. बाकीच्यांनी माणसं बदलली, तिने नाही. आणि ही वैद्यीण कधी मागे थांबायची नाही. गुहा असो की भुयार, धाकटी म्हणायची, "मी पुढे होते. तुम्ही माझ्यामागून या."

निकाल लिहिण्याचा एक रिवाज होता आमच्याकडे. तो नर्सबाईंनी आणला. नियमावरून वाद झाला की दोन्ही बाजू ऐकायच्या, आणि वादात नसलेल्यांनी निकाल द्यायचा. मग जो हरला, त्यानेच तो निकाल आपल्या हाताने पेन्सिलीने माझ्या समासात लिहायचा. खाली तारीख घालायची आणि सही करायची. "आमच्या वॉर्डात ज्याच्या हातून चूक होते, त्यालाच नोंद करायला लावतात," नर्सबाई म्हणाल्या. "आपल्याच अक्षरात लिहिलं की मग नंतर 'मी कुठे असं म्हटलं' करता येत नाही." मला हा रिवाज जाम आवडायचा. जिंकणारा कसंही लिहील. हरलेला मात्र एकेक शब्द तोलूनमापून लिहितो.

असे माझ्या समासात दीडशेच्या वर निकाल आहेत. त्यातला त्रेसष्टाव्या पानावरचा तुम्हाला सांगायलाच हवा, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

त्या पानावर सावलीच्या ढालीचा मंत्र आहे. मंत्र म्हणणाऱ्याने आपल्या सोबत्यांवर ढाल धरायची. ढाल असेपर्यंत सोबत्यांना काहीही लागत नाही. त्यांच्या वाट्याचे सगळे घाव मंत्र म्हणणाऱ्याला लागतात. इतकं दादाने लिहिलं होतं. पण घाव खाता खाता मंत्र म्हणणाराच कोसळला तर? ते लिहायचं राहून गेलं होतं. आणि एका रविवारी वैद्यीण कोसळली.

"संपलं," दादा म्हणाला. "ती पडली की ढाल गेली. धरणाराच नाही तर ढाल कशी राहील?"

"असं कसं?" धाकटी उसळली. "डॉक्टर गोळी देऊन घरी गेला म्हणून गोळीचा गुण जातो का? पोटात गेलेली गोळी तिचं काम करणारच ना!"

"गोळी वेगळी, ढाल वेगळी."

"मग ढालीला नाव कशाला दिलंस सावलीची? हातातच धरायची होती तर पत्र्याची द्यायचीस."

गॅरेजवाला आणि नर्सबाई अर्धा तास डोकं खाजवत बसले. शेवटी त्यांनी धाकटीच्या बाजूने निकाल दिला. दादाने हसत हसत, मानेने 'तू म्हणजे ना' असं करत, समासात लिहिलं: 'मंत्र म्हणणारा पडला तरी ढाल आणखी एक फेरी टिकते.' तारीख घातली, सही केली. पडलेल्या माणसाला एका फेरीच्या आत, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत, उचलून बाहेर काढलं तर तो वाचतो, नाहीतर मरतो, हा नियम आधीपासून होताच. म्हणजे ढाल एक फेरी टिकली की सोबत्यांना त्याला उचलायला वेळ मिळणार. त्या दिवशी वैद्यीण वाचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दादानेही. मला बरं वाटलं.

नंतरची वर्षं माझ्या मानाची गेली. मी दर आठवड्याला एकाच्या घरी राहायची, पाळीपाळीने. कुणीही वाद घातला की धाकटी म्हणायची, "वहीत आहे ना? मग संपलं." आणि खरंच संपायचं. गॅरेजवाल्यासारखा हमरीतुमरीवर येणारा गडीसुद्धा माझं पान उघडलं की गुपचूप खाली बसायचा. माझा पुठ्ठा मळला होता, पण टेबलावर माझ्याएवढा मान कुणालाच नव्हता, सूत्रधारालासुद्धा नाही.

तिथेच पाणी मुरत होतं, मित्रांनो. मला ते दिसलं नाही.

दादा गोष्ट रंगवून सांगायचा. ऐन रंगात आला की धाकटी म्हणायची, "एक मिनिट दादा, हा मंत्र पाण्याखाली चालत नाही. सव्विसावं पान." पान उघडायचं आणि ती बरोबर निघायची. दर वेळी बरोबर निघायची, हेच तर दुखणं होतं. एकदा दादाच्या ऑफिसातला एक सहकारी खेळ बघायला आला होता. त्या दुपारी धाकटीने दादाला तीनदा थांबवलं. पाहुणा मांडीवर थाप मारून म्हणाला, "अहो, खरी सूत्रधार तर तुमची बहीण दिसतेय! तुम्ही नुसते बोलके बाहुले!" सगळे हसले. दादाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. धाकटीचं लक्ष नव्हतं. ती पुढचं पान शोधत होती.

त्याच सुमारास दादाने वर्षभर खपून राखेच्या राजाचा किल्ला काढला होता. एकेक बुरूज, एकेक जिना, मोठ्या कागदावर, ऑफिसातल्या नकाशासारखा. तीन रविवार पुरेल असा बेत होता. आणि एका गुरुवारी, मी त्याच्याकडे असताना, जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या टेबलावर मला उघडून तो किल्ल्याची लढाई मनातल्या मनात खेळून बघत होता. बोटांवर फेऱ्या मोजत होता. पुन्हा पुन्हा मोजल्या. मग डबा तसाच बाजूला सारून तो खुर्चीत मागे टेकला. सावलीची ढाल आणि तिची ती जादा फेरी हाताशी असली की धाकटी त्याच्या किल्ल्यातून सहज निघून जाणार होती. तीन रविवार कसले, तासाभराचाही खेळ नव्हता.

थोड्या वेळाने त्याने खणातून खोडरबर काढलं आणि खाचा पाडलेली पत्र्याची पातळ पट्टी काढली. नकाशात नेमकी एकच रेघ खोडायची असली की ते लोक ती पट्टी वापरतात. पट्टी माझ्या त्रेसष्टाव्या पानावर ठेवली. मी खुळी, मला वाटलं आज माझी साफसफाई आहे! इतक्या वर्षांत कुणी माझ्यावरचा साधा डाग पुसला नव्हता. मी खूश झाले. मग रबर फिरू लागलं आणि मला कळलं की डाग नाही, निकाल खोडला जातोय. त्याने 'पडला' या शब्दापर्यंतचं ठेवलं. पुढचं वाक्य खोडलं. ब्रशने रबराचा चुरा झाडला. पेन्सिलीला टोक केलं आणि जुन्याच वळणात, जुन्याच तारखेच्या वर लिहिलं: 'की ढाल त्याच क्षणी जाते.'

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. हात तोच होता. याच हाताने दोन वर्षं मला रचलं होतं. मला ओरडता आलं असतं तर ऑफिस गोळा केलं असतं. पण वहीला तोंड नसतं. जे लिहाल तेच ती बोलते, आणि आता तर मी खोटं बोलणार होते.

रविवार उजाडला. किल्ल्याच्या अंगणात राखेचा राजा उभा, चहूकडे आग. धाकटीने बेत सांगितला. "मी मधे जाऊन ढाल धरते. सगळे घाव मला लागतील. मी पडेन, पडू दे. ढाल आणखी एक फेरी आहे, तेवढ्यात तुम्ही दोघं आगीतून या आणि मला ओढत दाराबाहेर काढा."

"पडलीस आणि आम्ही नाही पोचलो तर?" नर्सबाईंनी विचारलं.

"अहो, फेरी आहे ना! वहीत आहे."

तेव्हासुद्धा दादाने तोंड उघडलं असतं, 'थांब, आधी पान बघ' असं म्हटलं असतं, तरी मी त्याला थोडंफार माफ केलं असतं. तो नकाशाकडे बघत राहिला. त्याने तिला पुढे जाऊ दिलं. वैद्यीण आगीत शिरली, तिने ढाल धरली, घावांवर घाव खाल्ले आणि कोसळली.

"आता आम्ही धावतो," गॅरेजवाला म्हणाला.

"जळाल," दादा म्हणाला. "ती पडली तेव्हाच ढाल गेली."

"अरे, टिकते ना एक फेरी? मला तर चांगलं आठवतंय."

"मलाही," नर्सबाई म्हणाल्या.

"आठवणीचं काय घेऊन बसलात? वही बघा."

धाकटीने मला ओढून घेतलं आणि त्रेसष्टावं पान उघडलं. तिने एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. मी जीव तोडून सांगत होते, बये, अक्षर बघ, कुणाचं आहे ते बघ! पण तिने शब्द बघितले. नऊ वर्षं ती सगळ्यांना जे सांगत आली, तेच तिने स्वतःला सांगितलं. "वहीत आहे," ती हळूच म्हणाली. "त्याच क्षणी जाते, असं लिहिलंय. माझंच काहीतरी चुकलं." तिने वैद्यिणीची सगळी माहिती लिहिलेला कागद घडी करून माझ्या पाठच्या पुठ्ठ्याच्या खिशात ठेवला. आमच्याकडे मेलेल्यांना तिथेच ठेवतात. नाक ओढत ती हसली आणि म्हणाली, "छान काढलायस हं दादा किल्ला."

तो आठवडा माझा तिच्याकडे होता. सोमवारी मी तिच्या दुकानात, काउंटरखालच्या खणात. तिथे जे ऐकलं त्याने माझा जीव अर्धा झाला. रोजच्या गिऱ्हाइकाला ती औषध काढून द्यायची आणि मग म्हणायची, "थांबा हं, पुन्हा बघते." पाकीट फिरवून वाचायची. चिठ्ठी वाचायची. पुन्हा पाकीट. एका बाईंना तर तिने रस्त्यातून हाक मारून परत बोलावलं. औषध बरोबरच होतं. दुकानाचे मालक म्हणाले, "काय गं, बरं नाहीये का? तू तर डोळे मिटून काढायचीस."

"काका, माझ्या लक्षात राहत नाहीये हल्ली," ती म्हणाली. "अगदी पक्कं ठाऊक असलेलं चुकतंय. तुम्ही एकदा माझ्यामागून बघत जा."

मित्रांनो, तिचं काहीएक चुकत नव्हतं. चूक माझ्या पोटात होती आणि मी दोन हातांवर गप्प पडून होते.

मंगळवारी एक आजोबा चिठ्ठी घेऊन आले. धाकटीने ती वाचली, पुन्हा वाचली आणि त्यांच्याकडे बघितलं. "आजोबा, गोळ्यांचा हा आकडा डॉक्टरांचा नाही. दहाचे तीस केलेत कुणीतरी."

आजोबा ओशाळले. "मीच केले गं. दर दहा दिवसांनी दवाखान्याचे जिने चढवत नाहीत."

"म्हणून डॉक्टरांच्या कागदावर आपण लिहायचं होय? दहाच देते. आणि डॉक्टरांना मी फोन करून विचारते, चालेल?" आजोबा मान हलवून गेले. ती चिठ्ठी हातात धरून तशीच उभी राहिली. मग खण ओढल्याचा आवाज आला. तिने मला काउंटरवर घेतलं आणि त्रेसष्टावं पान उघडलं.

या वेळी तिने शब्द वाचले नाहीत, अक्षर बघितलं. "हे तर दादाचं अक्षर आहे," ती स्वतःशीच म्हणाली. हरलेल्याने लिहायचं, हा आमचा रिवाज. 'ढाल त्याच क्षणी जाते' हे दादाचं म्हणणं होतं. तो जिंकला असता तर निकाल धाकटीच्या अक्षरात असता. दादाने रेघ न् रेघ सफाईने खोडली होती, पण हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. धाकटीने मला ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं. खोडलेल्या पेन्सिलीच्या खाचा उजेडात दिसल्या. 'एक फेरी' एवढं तरी स्पष्ट लागलं. मला वाटलं ती चिडेल. ती स्टुलावर बसली आणि पदराने नव्हे, दुकानाच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीने डोळे पुसत रडली. मालक विचारत होते, ती सांगेना.

रविवारी तिने मला दादासमोर ठेवलं. "दादा, त्रेसष्टावं पान. काय लिहिलंय?"

त्याने वाचून दाखवलं.

"हरलं कोण होतं त्या दिवशी?"

दादा नकाशाची कड सरळ करू लागला.

"हरलेला लिहितो ना आपल्याकडे? मग हे तुझ्या अक्षरात कसं?"

गॅरेजवाल्याने हातातले फासे खाली ठेवले. नर्सबाईंनी मला उचलून खिडकीपाशी नेलं, तिरकं धरून बघितलं आणि परत दादासमोर आणून ठेवलं.

दादा आधी भडकला. "खेळ आहे गं! कोर्टकचेरी आहे का? एका वाक्यावरून एवढा तमाशा!" आणि मग एकदम बांध फुटल्यासारखं बोलू लागला. "दर रविवारी चारचौघांत मला तोंडावर पाडायचीस. हे चुकलं, ते चुकलं, हे पान, ते पान. वर्षभर घासून किल्ला काढला. एकदा, फक्त एकदा मला वाटलं की माझी गोष्ट माझ्या मनासारखी व्हावी."

"मग मला सांगायचंस ना!" धाकटी ओरडली. "गप्प बस म्हणायचंस, घराबाहेर काढायचंस. मी ऐकलं असतं रे. वहीला कशाला हात लावलास?"

"आपण पुन्हा खेळू ती लढाई. जुन्याच नियमाने. तुझी वैद्यीण जिवंत, मी सांगतो ना."

गॅरेजवाला वैद्यिणीचा कागद काढायला माझ्या खिशात बोटं घालू लागला. धाकटीने माझ्यावर हात ठेवला. "राहू दे. वैद्यिणीचं काही नाही दादा. ती कागदाची. पण मला खरं आठवत होतं आणि मी स्वतःला खोटं ठरवलं, कारण वहीत तसं लिहिलं होतं. दोन दिवस मला वाटत होतं, माझं डोकं चालेनासं झालंय. माझ्या आठवणीवर लोक गोळ्या खातात रे. मी काकांना माझ्यामागे उभं केलं." दादाने तिचा हात धरायला हात पुढे केला, तिने तो झिडकारला नाही आणि धरलाही नाही.

नंतर दोन महिने खेळ बंद होता. दादाने धाकटीची माफी मागितली, गॅरेजवाल्याची मागितली, नर्सबाईंची मागितली. त्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. माझी माफी मात्र कुणी मागितली नाही. वहीची कोण मागतं? नर्सबाईंनी खटपट करून सगळ्यांना पुन्हा टेबलाशी आणलं, पण येताना दुकानातून छापील नियमांचं पुस्तक आणलं. गुळगुळीत, रंगीत, बोटभर समासाचं. मला टेबलाच्या वर भिंतीतल्या फळीवर उभं केलं. माझ्यातलं एक पान खोटं निघालं, तर बाकीची एकशे सतरा कशावरून खरी, असं त्यांना वाटलं असणार. मी त्यांना दोष देत नाही. पण खरं सांगू, फार लागलं. एक पान सोडलं तर मी कधी कुणाला फसवलं नव्हतं, आणि तेही मी फसवलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला कळवळून सांगते. मला कव्हर घालू नका, धूळ झटकू नका, चहाचे डाग पाडा खुशाल. पण चार जणांनी मिळून जे लिहिलंय ते एकट्याने बसून बदलू नका. बदलावंसं वाटलं तर सगळ्यांसमोर आडवी रेघ मारा, शेजारी नवं लिहा आणि मला हे पटत नाही असं मोठ्याने म्हणा. भांडा. भांडणं लिहायलाच तर माझे समास एवढे मोठे सोडले होते. आणि तुमची बहीण किंवा भाऊ वारंवार बरोबर निघत असेल आणि तुम्हाला त्याचा राग येत असेल, तर तसं तोंडावर सांगून टाका. तेवढा राग सोसायची ताकद त्यांच्यात असते.

दादा आता सावरलाय. प्रत्येक निकाल तिघांना विचारून देतो, शंका आली की स्वतःहून पुस्तक धाकटीकडे सरकवतो. दुकानात काकांना आता तिच्यामागून बघावं लागत नाही, असं ती परवा नर्सबाईंना सांगत होती. खेळात तिने नवं माणूस घेतलंय, एक तिरंदाज. रांगेत सगळ्यात शेवटी चालते.

गेल्या रविवारचीच गोष्ट. तिघं एका नदीपाशी आली होती. "पूल जुना आहे," दादा म्हणाला, "पण एकेकाने गेलात तर काही होणार नाही. शब्द देतो." नर्सबाईंची चोरटी पलीकडे गेली. गॅरेजवाल्याचा योद्धा गेला.

"धाकटे, तू?"

"मी थांबते."

"अगं, शब्द दिलाय मी. पूल नाही तुटणार."

"ऐकलं दादा," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात म्हणाली, त्यात राग नव्हता. "तुम्ही जा पुढे. मी अलीकडेच थांबते."

दादाने नकाशावर दोघांच्या सोंगट्या पुढे सरकवल्या, आणि तिची होती तिथेच ठेवली.